कुमारवयातील मनोनिग्रह आणि घरचा बंदोबस्त

जून महिन्यात शाळा-महाविद्यालये गजबजली आणि 26 तारखेचा अमली पदार्थविरोधी दिन प्रभातफेरी, घोषवाक्ये व सामुदायिक शपथ यांनी यथासांग पार पडला की, त्यानंतरच्या टपालात आई-वडिलांची जी पत्रे येतात त्यांतील हस्ताक्षर, गाव आणि मुलाचे वय ही निरनिराळी असली, तरी प्रश्न बहुधा तेच तीन असतात. देवापुढे हात ठेवून शपथ घ्यावयास लावली तरी मुलगा पुन्हा त्याच संगतीत जातो, तेव्हा त्याच्या ठायी मनोनिग्रह मुळातच नाही असे समजावे काय. डॉक्टरांकडे नेले तर पोलिसांच्या दप्तरी नाव जाईल काय. आणि एखाद्या केंद्रात ‘सहा महिने ठेवून टाकावा’ हे बरे की वाईट. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे, निर्णयास आवश्यक तेवढीच उपपत्ती सांगून, खाली दिली आहेत.

शपथ का पुरत नाही

तेरा ते एकोणीस या वयात उत्तेजनेकडे आणि सोबत्यांच्या मान्यतेकडे धावणारी मेंदूतील यंत्रणा पूर्ण जोमात आलेली असते, आणि परिणामांचा तोल सांभाळणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. सबब या वयाच्या मुलाने प्रौढाप्रमाणे केवळ निश्चयाच्या बळावर मोह परतवावा, ही अपेक्षा करणाऱ्याचीच चूक असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून जे प्रसिद्ध प्रयोग केले, त्यांत ज्या मुलांना थांबणे साधले त्यांनी काही दात-ओठ खाऊन धीर धरला नव्हता. कोणी तोंड फिरवले, कोणी डोळे झाकले, कोणी स्वतःशीच गाणी म्हटली. पुढे 2018 साली अधिक मोठ्या संख्येने मुले घेऊन झालेल्या पडताळणीत असेही दिसले की, लहानपणी थांबू शकणारी मुले पुढे अधिक यशस्वी होतात या निष्कर्षातील पुष्कळसा भाग त्यांच्या घरच्या परिस्थितीचाच होता. पालकांनी यातून घ्यावयाचे ते इतकेच की, मनोनिग्रह हा बव्हंशी व्यवस्थेचा विषय आहे, आणि ती व्यवस्था लावणे हे प्रथम घराचे काम आहे.

प्रसंगोपात्त आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मुलांना घाबरवणारी चित्रे दाखवणे, पोलीस अधिकाऱ्याचे भाषण ठेवणे किंवा व्यसनातून बाहेर पडलेल्या गृहस्थास व्यासपीठावर उभे करून त्याची कर्मकथा ऐकवणे, हे तीनही प्रकार आपल्या शाळांतून मोठ्या हौसेने होतात. परंतु संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधविषयक मानकांत असल्या कार्यक्रमांची गणना निरुपयोगी, क्वचित अपायकारकही, उपायांत केलेली आहे. शाळेच्या पालकसभेत आपणांस बोलण्याची संधी मिळाल्यास हे अवश्य सांगावे.

घरात लावावयाची व्यवस्था

- औषधांचे कपाट. आजीच्या झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या ही सारी कुलपात असावी व पट्टीतील गोळ्या मोजलेल्या असाव्यात. मालेगाव-धुळ्याकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम ही डॉक्टरांनी चिंतेवर व झोपेसाठी लिहून देण्याचीच गोळी होय; ती मिळवण्यासाठी मुलास कोणा विक्रेत्याचा शोध घ्यावा लागतोच असे नाही.

- दप्तरातील व्हाइटनर आणि सायकलवाल्याचे सोल्युशन. केंद्रीय सामाजिक न्याय खात्याने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, हुंगण्याचे पदार्थ हा एकच वर्ग असा निघाला की ज्यात मुलांचे प्रमाण (1.17 टक्के) प्रौढांहून (0.58 टक्के) अधिक होते. तरीही पालकांची सारी भीती ‘एमडी’पाशी, म्हणजे मेफेड्रोनपाशी, खिळलेली असते, आणि पाचवी-सहावीतला मुलगा दर आठवड्यास नवी बाटली मागतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खोडण्यासाठी पातळ द्रवाऐवजी फीत आणून द्यावी. सदऱ्याच्या बाहीला किंवा चुरगळलेल्या रुमालाला पांढरे कडक डाग, त्यांस येणारा रंगाच्या डब्यासारखा उग्र दर्प आणि ओठांभोवती पुरळ या तीन गोष्टी एकत्र दिसल्यास अन्य पुराव्याची वाट पाहू नये.

- पैसा. खर्चाची रक्कम महिन्याची एकदम न देता आठवड्याची द्यावी. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय मुलाकडे असेल, तर त्याचा हिशेब महिन्यातून एकदा त्याच्याचबरोबर बसून पाहावा; चोरून पाहू नये.

- तंबाखूची पुडी. ‘जा रे, टपरीवरून एक पुडी घेऊन ये’ असे वडीलच मुलास सांगतात आणि पुढे तोच मुलगा मावा किंवा विदर्भात खर्रा चघळताना सापडला म्हणजे त्याच्या संगतीस दोष देतात. टपरीची ओळख ज्याने करून दिली त्याने निदान आपले वाक्य तरी थांबवावे. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूजन्य पदार्थ विकणे 2003 च्या कायद्यान्वये मना आहे, आणि ते मूल वडिलांसाठी घेत आहे ही सबब दुकानदारास चालत नाही.

- दुपारी चार ते सात. आई-वडील दोघेही नोकरीस जाणाऱ्या घरांत हे तीन तास कोणाच्याच मालकीचे नसतात. तालीम, मैदान, वाचनालय, ढोल-ताशा पथक, काही चालेल. अट एवढीच की, तेथे कोणी तरी जाणता माणूस मुलाच्या अनुपस्थितीची दखल घेणारा असावा. झोप आठ तासांहून कमी होणार नाही याचीही काळजी घ्यावी, कारण जागरणाने थकलेल्या मुलाचा निग्रह झोप पुरी झालेल्या मुलाच्या निग्रहाच्या निम्म्यानेही टिकत नाही, हे कोणतीही गृहिणी प्रयोगशाळेवाचून सांगेल.

मुलास काय शिकवावे

‘वाईट संगत धरू नकोस’ हा उपदेश मुलाच्या उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती वाईट संगत नसून वर्गातले मित्र असतात, आणि पहिला झुरका किंवा पहिली चिमूट अनोळखी विक्रेत्याकडून क्वचितच येते. ती येते वाढदिवसाच्या रात्री, गच्चीवर, ज्याच्याकडून गेल्या वर्षी वह्या उसन्या आणल्या त्याच्याकडून. म्हणून नकार कसा द्यावयाचा त्याचे शब्द आधीच ठरलेले असावेत, आणि ते मुलाने स्वतः, स्वतःच्या बोलीत ठरवावेत. ‘नको रे, पहाटे ग्राउंडला जायचंय’, ‘मला त्यानं उलटी होते’, किंवा सरळ ‘आमच्या घरी तोंडाचा वास बघतात यार’ यांपैकी कोणतेही चालेल. या शेवटच्या वाक्यात दोष आई-बापांवर येतो, तो आपण आनंदाने घ्यावा. मित्रांपुढे मान राखून निसटण्याची वाट मुलास मिळणे अधिक महत्त्वाचे. शब्द ठरल्यावर दोन-तीनदा घरात मोठ्याने म्हणून घ्यावेत. हसू येईल, येऊ द्यावे.

त्याचबरोबर ‘असे झाले तर मी असे करीन’ या साच्यात दोन-तीन निर्णय त्याच्याकडून लिहवून घ्यावेत : पार्टीत सिगारेट फिरू लागली तर मी पाणी आणावयास उठेन आणि बाहेरून घरी फोन करीन, अमक्याचा संदेश आला तर उत्तर देण्यापूर्वी जेवून घेईन. ‘मी कधीच घेणार नाही’ या ठरावापेक्षा असल्या प्रसंगनिहाय निश्चयाचा उपयोग अधिक होतो, याविषयी मानसशास्त्रज्ञांत पुष्कळ एकमत आहे. ज्याने एकदा चव घेतलेली आहे त्यास आणखी एक सांगावे की, तलफ ही चढत जाते, शिगेस पोहोचते आणि तिला काही दिले नाही तरी साधारण अर्ध्या तासात ओसरते. आणि ती भूक, राग, एकटेपणा व थकवा या चार प्रसंगी विशेषेकरून येते. तेवढा अर्धा तास कोणाजवळ काढावयाचा, त्या माणसाचे नाव ठरलेले असावे. मामा असो, शिक्षक असो, वरच्या मजल्यावरची ताई असो. आई-वडीलच असले पाहिजेत असा हट्ट धरू नये.

घरी फोन आला तर रात्री कितीही वाजता, एक शब्दही न बोलता, आपण त्यास घेऊन यावयाचे, आणि चौकशी दुसऱ्या दिवशी. हा करार आपणही पाळला पाहिजे.

संशय आल्यास पहिले बोलणे

लाल डोळे, चिडचिड, बंद दार, घसरलेले गुण यांपैकी एकेक लक्षण पाहू गेल्यास ते कोणत्याही निरोगी कुमारवयीन मुलात सापडेल. थोड्या काळात पुष्कळ गोष्टी एकदम बदलल्या, म्हणजे जुने मित्र सुटले, खेळ सुटला, घरातले पैसे कमी होऊ लागले, रात्रभर जाग आणि मग दिवसभर झोप, वजनात घट, तरच काळजीस आधार आहे असे समजावे. नैराश्य आणि परीक्षेचे भय यांचीही लक्षणे अशीच असतात, व तेव्हाही डॉक्टरच हवा असतो.

बोलण्याची वेळ मुलगा नशेत असताना निवडू नये, आणि घरातल्या पाहुण्यांपुढे तर कधीच नाही. ‘तू घेतोस की नाही, खरे सांग’ असा उलटतपास घेतल्यास उत्तर ‘नाही’ असेच येणार. त्याऐवजी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे : ‘अरे, तुझ्या पँटच्या खिशात ही पट्टी मिळाली. मी घाबरले आहे. तुला शिक्षा करायची नाहीये मला, पण हे काय आहे ते कळल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.’ आणि मग थांबावे. हे थांबणेच कठीण जाते. पहिल्या पाच मिनिटांत मुलगा काही बोलत नाही म्हणून आई-वडील व्याख्यान सुरू करतात आणि संधी जाते.

या टप्प्यावर पुढील गोष्टी टाळाव्यात :

- मारहाण, मुंडण, खोलीत कोंडणे, शाळेतून काढून गावी पाठवणे. गावाकडेही गोळ्या मिळतात.
- औषधाच्या दुकानातील लघवी-तपासणीची पट्टी चोरून वापरणे. गांजाचा अंश कित्येक दिवस, रोज घेणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे दिसतो, तर एमडी बहुतेक साध्या पट्ट्यांवर दिसतच नाही. त्यामुळे निर्दोष ठरलेला मुलगा निर्दोष असेलच असे नाही, आणि विश्वास मात्र जातो.
- ‘रोग्यास न कळत व्यसन सोडवा’ अशा भिंतीवरील जाहिरातींतील चूर्णे जेवणात मिसळणे. दारूशी ज्याची तीव्र प्रतिक्रिया होते असे औषध न सांगता पोटात गेले आणि मुलगा दारू प्याला, तर जिवावर बेतू शकते.
- झोपेच्या गोळ्यांची किंवा दारूची दीर्घ सवय असलेल्यास घरच्या घरी एकदम बंद करवणे. झटके येण्याचा धोका असल्यामुळे ही दोन व्यसने वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागतात.

कोठे जावे

पहिली पायरी म्हणून दूरध्वनी पुरे. केंद्रीय सामाजिक न्याय खात्याचा व्यसनमुक्तीविषयक क्रमांक 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416 आणि संकटातील मुलांसाठी 1098 हे सर्व निःशुल्क आहेत. त्यानंतर जिल्हा रुग्णालयातील अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञांचा बाह्यरुग्ण विभाग गाठावा. बहुसंख्य मुलांना दाखल करावे लागतच नाही. भेटी, समुपदेशन आणि वर सांगितलेली घरची व्यवस्था एवढ्याने भागते. घरच्यांनी मात्र त्या भेटींत स्वतः बसले पाहिजे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे 1986 साली डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले, व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही उपचार करावा लागतो हा विचार महाराष्ट्रात रुजवला, आणि तो कुमारवयीन मुलाच्या बाबतीत तर दुप्पट खरा आहे. वडील स्वतः रोज संध्याकाळी पीत असतील, तर त्यांनी डॉक्टरांपुढे ते सांगावे.

दाखल करण्याचा प्रश्न आल्यास

‘सहा महिने ठेवून टाकावा’ या विचारामागे मुलाच्या हितापेक्षा घरच्यांचा थकवा अधिक असतो. तो थकवा खरा असतो, हे मान्य करूनही पुढील गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 यात दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. म्हणून अठरा वर्षांखालील मुलास दाखल करताना त्याच्या कलम 87 प्रमाणे आपणांस व मुलास पुढील हक्क आहेत :

- दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी मुलाची स्वतंत्र तपासणी केली पाहिजे, व त्यांपैकी निदान एक मनोविकारतज्ज्ञ असला पाहिजे.
- मुलास प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवले पाहिजे.
- आई-वडिलांपैकी कोणी किंवा त्यांनी नेमलेला माणूस संपूर्ण मुक्कामात मुलासोबत राहिला पाहिजे. मुलीच्या बाबतीत सोबत स्त्रीच हवी.
- दाखल केल्याची खबर 72 तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास गेली पाहिजे. 30 दिवसांहून अधिक ठेवावयाचे झाल्यास पुन्हा कळवावे लागते.

साखळदंडाने बांधणे या कायद्याने सर्वथा निषिद्ध आहे. उपचाराची माहिती, थोडे अपवाद वगळता, गोपनीय ठेवणे संस्थेवर बंधनकारक आहे. ज्या केंद्राचा चालक ‘पालकांनी महिनाभर भेटावयास येऊ नये’ असे सांगतो, मनोविकारतज्ज्ञाचे नाव विचारले असता टाळाटाळ करतो आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा दाखला दाखवीत नाही, त्या केंद्राच्या दारातून मुलास घेऊन परत फिरावे. आगाऊ भरलेली रक्कम बुडाली तरी हरकत नाही.

पोलीस, शाळा आणि कायदा

उपचारासाठी गेल्याने पोलिसांत नाव जाते, ही भीती निराधार असून याच भीतीने सर्वांत मौल्यवान महिने वाया जातात. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात, ज्यास बोलण्यात सर्वत्र एनडीपीएस म्हणतात, सेवन हा कलम 27 खाली गुन्हा आहे हे खरे. परंतु त्याच कायद्याच्या कलम 64-अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने शासकीय अथवा शासनमान्य संस्थेत स्वखुशीने उपचार घेतल्यास तिजवर त्याबद्दल खटला चालत नाही. अट एकच, की उपचार अर्धवट सोडता कामा नये. सोडल्यास ही माफी काढून घेता येते.

मुलास पोलिसांनी ताब्यात घेतलेच, तर बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे त्यास कोठडीत ठेवता येत नाही. त्यास विशेष बाल पोलीस पथकाच्या अथवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करून, प्रवासाचा वेळ वगळता 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. आई-वडिलांस खबर देणे आवश्यक असते. गुन्हा जामीनपात्र नसला तरी जामीन मिळणे हा सामान्य नियम आहे. आणि मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, मुलांना वकील विनामूल्य मिळतो. प्रकरण मिटवून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थास पैसे देऊ नयेत.

एका बाबतीत मात्र ही सवलत पातळ होते, आणि ती गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलांस स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. ‘फक्त ही पिशवी स्टेशनापर्यंत पोचव, पाचशे मिळतील’ असे सांगून मुलांचा वापर केला जातो. एमडी 50 ग्रॅमहून किंवा गांजा 20 किलोहून अधिक असल्यास ते व्यापारी प्रमाण ठरते, त्यास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि अशा गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलावर, प्राथमिक मूल्यांकनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. 50 ग्रॅम म्हणजे मूठभरही नव्हे. मुलाचा असा वापर करणाऱ्यास, तसेच मुलास मादक पदार्थ, दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास, बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 व 78 प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सबब फिर्याद देताना ही कलमे लिहून न्यावीत. विक्रीची खबर 1933 या क्रमांकावर देता येते.

शाळेविषयी थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही, व शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करता येत नाही. ‘तुम्हीच दाखला काढून घ्या, नाहीतर शेरा मारू’ असे मुख्याध्यापक तोंडी सांगतात, तेव्हा ते लेखी मागावे. लेखी बहुधा मिळत नाही. नववी-दहावीच्या मुलांस हे संरक्षण नसले, तरी डॉक्टरांचे पत्र जोडून केलेला विनंतिअर्ज पुष्कळदा मान्य होतो.

ज्या वेळी वाट पाहावयाची नसते

मूल हाक मारूनही जागे होत नाही, श्वास संथ वा घरघरता आहे, ओठ निळसर पडले आहेत, झटके येत आहेत किंवा भ्रमात ते जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत आहे, अशा वेळी 108 ला फोन करून त्यास एका कुशीवर वळवून ठेवावे. लिंबू, ताक, मिठाचे पाणी पाजू नये. घशात बोटे घालून उलटी करवू नये. खिशात सापडलेली पट्टी किंवा बाटली बरोबर न्यावी आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. हुंगताना मूल सापडले, तर ओरडू नये, त्याच्यामागे धावू नये. त्या वायूंनी हृदय अतिसंवेदनशील झालेले असते, आणि अकस्मात भीतीने व धावपळीने ते बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. खिडक्या उघडाव्यात, शांतपणे जवळ जाऊन हातातले काढून घ्यावे आणि त्यास मोकळ्या हवेत बसवावे.

उपचारानंतर

पुन्हा घेतले जाणे हे व्यसनमुक्तीच्या वाटेवर नेहमीचे आहे, आणि ते घडल्यास शपथभंगाचा खटला भरण्यापेक्षा त्या दिवशी कोठे, कोणाबरोबर, कोणत्या मनःस्थितीत घडले ते शांतपणे लिहून घेऊन पुढच्या भेटीत डॉक्टरांस दाखवावे. त्यावरून घरातील व्यवस्थेत कोणता फेरफार हवा ते कळते. मुलगा ‘बरा झाला’ असे वाटू लागताच पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाठपुराव्याच्या भेटी सुटतात, कधी क्लास आडवा येतो, कधी लग्नसराई. आपण हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल, तर पुढील भेटीची तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहा आणि त्या दिवशी वडिलांनीही रजा काढावी.